बांधिलकी हवी, पण हिशोब नको?

काळी-चार (लातूर):
काल एका पोराची जाहिरात सगळीकडं फिरत होती. वय २२, गिटार वाजवतो, स्वतःची मराठी गाणी आहेत. ढोलकी, बेस, कीबोर्ड पाहिजे. आठवड्यातून चार दिवस रियाज, पहिलं वर्ष पैसे नाहीत, 'टाइमपासवाल्यांनी फोन करू नये'. खाली 'भावा, भारी'चा पाऊस.

भारी काय त्यात? १४ जानेवारीला नामविस्तार दिन, १४ एप्रिलपासून मे संपेपर्यंत जयंत्या, मग गणपती, नवरात्र, तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई. मोकळे उरतात जून-जुलै, तेव्हा निम्मे वादक पेरणीत. चार दिवस आणायचे कुठून?

आठवड्यातून एकच बैठक ठेवा, तीन तासांची. पण त्याआधी प्रत्येकाकडं डेमो गेला पाहिजे: क्लिकवर (ठरल्या वेगाच्या टिकटिकीवर) वाजवलेला, टेम्पो (गाण्याचा वेग) आणि पट्टी (मूळ स्वर) लिहिलेला. व्हॉट्सॲपवर फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हॉइस नोटमध्ये बेस ऐकूच येत नाही. तीन गाणी, सहा बैठका, एक कार्यक्रम. बँड टिकला तर वर्षाचं बोला. आणि तोवर पेट्रोल तरी द्या.

उगाच-बोलतो (परभणी):
ही पाकिटाची सवय ऑर्केस्ट्रानं लावली. तीच ठरलेली गाणी वाजवायची, पाकीट घ्यायचं, गाडीला किक मारायची. सहा बैठकांत गाणं पाठ होतं, बँड होत नाही. बेस आणि किक (ड्रमचा जड ठोका) एकावर एक पडायलाच महिने जातात. पोरगं बरोबर सांगायलंय. ढोलकीवाल्याला वेळ नसेल तर ऑक्टापॅड (वाद्यांचे आवाज भरलेलं इलेक्ट्रॉनिक पॅड) लावा, विषय संपला.

जील-धूम (तुळजापूर):
विषय संपला म्हणे! ऑक्टापॅडवर संबळाचा रेकॉर्ड केलेला एकच आवाज भरलेला असतो. सुट्टा ठोका चालून जातो, पण वाकड्या टोकाच्या काठीनं सलग घाई (जलद ठोके) वाजवली की प्रत्येक ठोका तंतोतंत सारखा. शिलाई मशीन चालू केल्यागत वाटतं. निदान चार वेगवेगळ्या जोराचे ठोके रेकॉर्ड करून थर लावा, मग बोला.

उगाच-बोलतो:
आणि पावसाळ्यात तुमचं कातडं ढिलं पडतं त्याचं काय? प्रत्येक गाण्याआधी हलगी शेकत बसायची? पॅडला पट्टी बदलायला एक बटण लागतं.

जील-धूम:
फायबरची हलगी येऊन जमाना झाला साहेब. जरा बाहेर पडा.

काळी-चार:
पट्टीचा मुद्दा मात्र खरा आहे, नाइलाजानं मान्य. नटबोल्टची ढोलकी पान्ह्यानं अर्धा स्वर वरखाली होते. त्यापुढं ताणली तर पुडी (तोंडावरचं कातडं) फाटते, उतरवली तर शाई (पुडीवरचा काळा थर) डब्ब बोलते. गिटारवाला कॅपो (तारा दाबणारा चाप) सरकवून काळी एकवरून पांढरी चारला, म्हणजे एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत जातो आणि मागं वळून म्हणतो, 'चला'. कुठं चला? एकतर दोन ढोलक्या वेगवेगळ्या पट्टीत मिळवून ठेवा, नाहीतर सगळी गाणी दोनच पट्ट्यांत बसवा आणि एका पट्टीची सलग घ्या.

अर्थिंगवाला (जालना):
कातडं आणि पॅड नंतर. मंडपात अर्थिंग असतं का ते कुणीच विचारीना. तीन पिनांच्या अँपला (अँप्लिफायरला) दोन पिनांची जोडणी केली की गिटार गुणगुणते, आणि तारेला हात असताना माईकला ओठ लागला की झटका. पूर्ण बँड एकाच बोर्डावर घ्या, लायटिंगची लाइन वेगळी. कीबोर्ड गुणगुणत असेल तर डीआय बॉक्सचं (वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या डबीचं) ग्राउंड लिफ्ट बटण दाबून बघा. अँपची अर्थिंग पिन कापायची नाही, काही झालं तरी! गायक मरतो अशानं.

हिशोबी (नांदेड):
मूळ मुद्दा कुणाला आठवतो का? १५,००० चा कार्यक्रम धरा. साउंड ५,०००, सामान नेणारा टेम्पो २,५००, उरले ७,५००. पाच माणसांचे पाच वाटे, सहावा बँडचा: तारा, पुडी, केबल. वाट्याला १,२५०. हे पहिल्याच दिवशी कागदावर पाहिजे.

दुसरं, गाणं कुणाचं? चाल पोराची, पण ठेका आणि मधला तुकडा ढोलकीवाल्यानं बसवला तर तो वादक की सहसंगीतकार? कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा परस्पर लिहून घेता येत नाही, तो फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. पण आधी नाव तर लागायला हवं! वर्षभर फुकट वाजवणाऱ्याचं नाव कुठं लागणार, हे त्या जाहिरातीत नाही.

उगाच-बोलतो:
म्हणजे आधी वकील, मग गाणं. छान चाललंय मराठवाड्यातलं संगीत.

हिशोबी:
वकील कशाला? वहीचं एक पान आणि पाच सह्या.

उगाच-बोलतो:
बरं, पानाचं मान्य. पण चार दिवसांचे दोन तरी करा. आठवड्यातून एकदा भेटून ताल जमत नाही, हे त्या काळी-चारांनाही पक्कं माहीत आहे.

काळी-चार:
दोन दिवस चालतील. एप्रिल-मे सोडून.

जील-धूम:
आणि नवरात्र सोडून. त्या पोराला कळवा कुणीतरी, अजून ढोलकीवालाच शोधत असेल.