नवरे शेजारी बसले आणि बायकांचं हसू बदललं

त्रिमूर्तीनगरकर

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ‘बाईपण भारी देवा’ दाखवला. केदार शिंदेंचा हा सिनेमा ३० जून २०२३ ला लागला, तेव्हा मी तो नागपुरात बर्डीच्या थेटरात आमच्या भिशीतल्या बायकांसोबत पाहिला होता. कुणी पाहिला नसेल तर थोडक्यात सांगते. सहा बहिणी आहेत, सगळ्या चाळिशी ओलांडलेल्या नाहीतर त्याच्या आसपासच्या, थोरली तर चांगली वयस्क. एकमेकींशी धड बोलणं नाही, प्रत्येकीच्या घरात काहीतरी बिनसलेलं. एका मंगळागौरीच्या स्पर्धेपायी त्या पुन्हा एकत्र येतात. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने अशी सगळी तयारीची माणसं.

२०२३ मध्ये आम्ही नऊवारी नेसून, गॉगल लावून गेलो होतो. थेटरात पुरुष शोधून सापडत नव्हते. बाजूच्या खुर्चीवरच्या एका अनोळखी बाईनं हसता हसता माझ्या मांडीवर थाप मारली, मीही तिच्या हातावर टाळी दिली. एका बहिणीला नवरा घटस्फोट मागतो, त्या भागात मागून कुणीतरी त्या नवऱ्याला मोठ्यानं नावं ठेवली आणि अख्ख्या थेटरानं साथ दिली. बाहेर आलो तेव्हा पोट दुखत होतं आणि काजळ गालावर उतरलं होतं.

परवा तोच सिनेमा, त्याच बायका. फरक एवढाच की नवरे शेजारी बसलेले. माझ्या पुढच्या रांगेत आमच्याच विंगमधल्या एक वहिनी होत्या. विनोद झाला की त्या आधी मान थोडी वळवून नवऱ्याकडे बघायच्या. तो हसला तर हसायच्या. नाही हसला तर पदरानं कपाळ टिपायच्या. दहा-बारा वेळा तरी हे पाहिलं. मग लक्षात आलं की माझीही मान तशीच वळून राहिली आहे. अठ्ठावीस वर्षांच्या संसारानंतर मी अंधारात ह्यांच्या तोंडाकडे बघून ठरवत होते की ह्या वाक्याला हसायचं की नाही. फार वाईट वाटलं.

पुरुषही हसत होते, पण निराळ्या जागी. बहिणींच्या भांडणाला हसले, फुगडी घालताना दम लागला त्याला हसले. घटस्फोटाचा भाग आला तशी हॉलमध्ये शांतता पसरली आणि कूलरमध्ये पाणी भरायला चार पुरुष एकदम उठले. एका कूलरला चार जण!

माझं म्हणणं असं. आपण ज्याला धमाल सिनेमा म्हणत होतो, त्यातली निम्मी धमाल नवरे घरी होते म्हणून होती. संसारावरच्या सिनेमाला मोकळं हसण्यासाठी संसारातला दुसरा माणूस घरी ठेवावा लागत असेल, तर तो सिनेमा पाहून आपल्या घरात काहीच हलत नाही. म्हणून पुढच्या वेळी नवऱ्यांना घेऊनच बघा, आणि हसू येईल तिथं हसा. मान वळवू नका.

वर्धारोड_५६

ताई, राग मानू नका, पण त्या चार जणांत मी असतो तं मीही उठलो असतो. काऊन ते सांगतो.

सिनेमात सहा बायका पूर्ण माणसं आहेत. प्रत्येकीचं दुःख आहे, चूक आहे, हौस आहे. अन् नवरे? येऊन जाऊन. पन्नाशी काय फक्त बाईलेच येते?

माझं सांगतो. ५१ व्या वर्षी कंपनीनं एका दुपारी बोलावून घरी पाठवलं. दीड महिना मी घरी सांगितलंच नाही. रोज सकाळी नऊला डबा घेऊन निघायचो अन् फुटाळा तलावाच्या काठावर बसून राहायचो. दुपारी तिथंच डबा खायचो, पाच वाजेपर्यंत वेळ काढायचा अन् मग घरी. रात्री झोप नाही, बीपीची गोळी तेव्हाच सुरू झाली. पुढं दुसरी नोकरी लागली, पगार निम्मा. बायकोले सांगितलं की मीच कंपनी बदलली. फुटाळ्याचं तिले अजूनही माहीत नाही.

ह्या गोष्टीवर कुणी सिनेमा काढला तं थेटरात लोक हसतील, डबा घेऊन तलावावर जाणारा नवरा म्हणून. अन् सगळ्यात आधी माझी बायको हसेल. तुम्ही म्हणता नवऱ्यांना घेऊन बघा. आम्ही येऊ, पण पडद्यावर आमच्यासाठी बी काही ठेवा.

महालची सून

मला ह्या दोन्ही म्हणण्यांचा राग आला आहे, स्पष्टच सांगते.

त्रिमूर्तीनगरकर ताई, तुम्ही आमच्या एका दुपारची शिकवणी करून टाकली. आम्ही बाराच्या शोला गेलो होतो, कारण त्या वेळेला घरात कुणी काही मागत नाही. पोळ्या करून, सासूबाईंच्या गोळ्या काढून ठेवून गेलो. माझ्या सासूबाईंच्या वयाच्या बायका शिट्ट्या मारत होत्या. ह्या सिनेमानं ७० कोटींच्या वर धंदा केला, त्या वेळी मराठीत त्याच्या पुढे फक्त ‘सैराट’ होता. हा धंदा कुणाच्या जिवावर झाला? गटागटानं तिकिटं काढून गेलेल्या बायकांच्या. त्यातल्या कितीतरी जणी वर्षानुवर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीनं थेटरात गेल्या असतील. आता त्यातही नवऱ्याला सोबत न्यायचं, त्याला समजावायचं, त्याच्या चेहऱ्याची काळजी करायची? घरात काही हलायला पाहिजे हे खरं, पण ते हलवायचं कामही आम्हीच करायचं का? माझं हसणं माझ्यासाठी आहे, त्यातून घरात काय घडलं ह्याचा हिशेब मी कुणाला देणार नाही.

आणि भाऊ, तुमची नोकरी गेली हे वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण मराठी सिनेमा इतकी वर्षं नवऱ्यांभोवतीच फिरला. एक सिनेमा बहिणींचा निघाला तर लगेच ‘आमच्यासाठी बी’ हे बरोबर नाही.

भुलाबाई_६३

मंगळागौर आमच्या घरी कधी नव्हती. ज्यांच्याकडे असते त्यांच्याकडेही ती लग्नानंतरची पहिली पाच वर्षं, श्रावणातल्या मंगळवारी. म्हणजे नव्या नवरीचा खेळ. तो पन्नाशी-साठीच्या बायका खेळतात ही ह्या सिनेमातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. वय झालं म्हणून अंगणातून उठवलेल्या बायका पुन्हा अंगणात येतात.

आमच्याकडे भुलाबाई. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर. ज्वारीच्या धांड्यांची खोपडी, म्हणजे छोटी झोपडी करायची, मातीचे भुलोबा-भुलाबाई मांडायचे, रोज संध्याकाळी गाणी आणि शेवटी झाकलेला डबा वाजवून खिरापत ओळखायची. त्या गाण्यांत काय असतं? सासरच. एका गाण्यात सुनेला माहेरी जायचं असतं आणि सासू म्हणते, आधी कारल्याचा वेल लाव. वेल लावला की म्हणते फूल येऊ दे, मग कारलं लागू दे, मग भाजी कर, मग भांडी घास. अट संपतच नाही. हसून हसून म्हणायचो आम्ही ते.

आता मुद्दा. ही गाणी आम्ही माजघरात लपून म्हणत नव्हतो. ओसरीवर आजोबा, काका, वडील बसलेले असायचे. पोरी गायच्या, आया मागून सूर धरायच्या. माझी आई वडिलांपुढे शब्द बोलायची नाही, पण सासूच्या त्या अटी त्यांच्याच आईसमोर खणखणीत म्हणायची. कारण तो आवाज एकटीचा नव्हता, दहा जणींचा होता. त्यातून कोण कुणाला बोलली हे निवडता येत नाही.

म्हणून त्रिमूर्तीनगरकर, नवरे हॉलमध्ये होते हे कारण मला पुरेसं वाटत नाही. खुर्च्या जोडीजोडीनं मांडल्या तिथं चुकलं. बाई एकटी पडली की नवऱ्याकडेच बघेल, आणखी कुणाकडे बघणार? पुढच्या वेळी समोर सतरंजी अंथरा, बायका एका जागी बसवा, नवरे मागं खुर्च्यांवर. मग बघा कोण मान वळवतं ते.

सुटीवरची सिस्टर

मी बावीस वर्षं स्त्रीरोग विभागात काम करते. धागा वाचताना एका वाक्याशी थांबले: ‘पदरानं कपाळ टिपायच्या’. ताई, तुम्ही त्याचा अर्थ लाज असा लावलात. त्या वहिनी पंचेचाळीस ते बावन्नच्या मधल्या असतील तर त्यांना खरोखर घाम आला असेल.

आपल्याकडे पाळी थांबण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे. सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली म्हणतात, पण त्याच्या आधीपासून, काहींना कित्येक वर्षं, अंगातून गरम वाफा निघतात. छातीपासून चढत तोंडापर्यंत येतात, दोन-चार मिनिटांत ब्लाउज भिजतो आणि मग थंडी वाजते. नागपूरच्या उन्हाळ्यात तर बाईला स्वतःलाही कळत नाही की हे ऊन आहे की अंग. बायका म्हणतात, ‘सिस्टर, कूलरसमोर बसूनही जीव घाबरून राहिला.’ रात्री झोप मोडते, चिडचिड होते. घरातले म्हणतात, आईचा स्वभाव बदलला.

फुगडी घालताना दम लागला त्याला पुरुष हसले, हे वाचून मला राग आला नाही, काळजी वाटली. त्यांना माहीतच नाही. कुणी सांगितलेलंच नाही, बायकोनंही नाही, कारण हा शब्द घरात उच्चारायची पद्धत नाही. म्हणून मी ह्या वादात नवऱ्यांना बोलावण्याच्या बाजूची आहे. महालच्या सूनबाई, तुमची दुपार तुमचीच राहू दे. पण एकदा तरी त्याला शेजारी बसवून हे कळायला पाहिजे.

सिव्हिललाइन्स

वकिली करतो म्हणून एकच गोष्ट जोडतो. नवरा घटस्फोट ‘मागतो’ म्हणून तो मिळत नाही. परस्पर संमतीच्या घटस्फोटाचं कलम १३-ब हिंदू विवाह कायद्यात १९७६ मध्ये आलं. त्यात अर्ज दोघांनी मिळून करायचा असतो. बायकोची राजी नसेल तर नवऱ्याला कायद्यातलं कारण कोर्टात सिद्ध करावं लागतं. आपलं दुसरीकडे मन बसलं हे त्याला मिळणारं कारण नव्हे. पन्नाशीच्या बायका माझ्याकडे येतात त्या बहुतेक वेळा कुठंतरी सही करून बसल्यावर येतात. त्या हॉलमध्ये शांतता झाली तेव्हा कुणीतरी उठून एवढं सांगायला हवं होतं.

त्रिमूर्तीनगरकर

सिस्टर, तुमचं वाचून मला राहवेना. काल संध्याकाळी भाजीवाल्याच्या गाडीपाशी त्या वहिनी भेटल्या. हातात सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची जुडी होती, देठं खुडत उभ्या होत्या. मी विचारूनच टाकलं. त्या आधी गप्प झाल्या, मग म्हणाल्या, ‘घाम आला होता. आणि बघतही होते. दोन्ही.’ वर्ष होत आलं म्हणाल्या, रात्री दोन-दोनदा गाऊन बदलतात. शेजारी झोपलेल्या माणसाला ठाऊक नाही. मी त्यांना तपासून घ्यायला सांगितलं आहे, सोबत मी जाणार आहे.

म्हणजे मी जे पाहिलं ते अर्धंच पाहिलं, हे मान्य.

भुलाबाई मावशी, सतरंजीचं पटलं. महालच्या सूनबाई, तुमचं मात्र पटत नाही. तुमच्या दुपारीवर माझा हक्क नाही, खरं आहे. पण मी स्वतः अंधारात मान वळवली, ती आता मला विसरता येत नाही. तुमच्यासोबत थेटरात शंभर वेळा हसले तरी ती मान घरी गेल्यावर पुन्हा वळणारच. मला ती घरातच सरळ करायची आहे, ह्यांच्या समोर.

महालची सून

तुम्हाला जमेल ताई. तुमचे ‘हे’ निदान हॉलमध्ये येऊन बसले. माझ्याकडे सिनेमाचं नाव काढलं की ‘बायकांचं काहीतरी’ म्हणून चॅनल बदलतात. मी बाराच्या शोलाच जाणार. सिस्टरचं लिहिलेलं मात्र सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, आमच्या वेळी ह्याला ‘डोक्यात राख घालणं’ म्हणत.

वर्धारोड_५६

सूनबाईनं लिहिलं ते मनाला लागलं, पण चूक म्हणता येत नाही. सिस्टरचंही वाचलं, आमच्या घरी बी दोन वर्षांपासून रात्री पंख्याच्या बटनावरून भांडण होऊन राहिलं. आता समजलं.

काल रात्री जेवणं झाल्यावर बायकोले म्हटलं, २०२३ मध्ये तू तो सिनेमा पाहून आली, कुठं कुठं हसली ते सांग. ती म्हणाली, आज काऊन विचारून राहिले? मग मी फुटाळ्याचं सांगितलं. सगळं, दीड महिन्याचं.

ती म्हणाली, ‘माहीत आहे जी. ऑफिसातून तुमचा डबा कधी पूर्ण रिकामा आला नाही, अर्धी पोळी राहायचीच. ते दिवस मात्र डबा चाटूनपुसून यायचा. अन् चपलेला माती. तुम्ही सांगाल म्हणून थांबली होती.’

पाच वर्षं थांबली होती. मी लिहिलं होतं की सगळ्यात आधी तीच हसेल. ती हसली नाही. उठून चहा ठेवला, रात्री साडेअकराला.