बिलावरून एसीचे युनिट वेगळे कसे काढायचे?

मालाडकर: वन बीएचके, बेडरूममध्ये एक टनाचा इन्व्हर्टर एसी. मेचं बिल ३९० युनिट (३० दिवस), फेब्रुवारीचं १७४ (२९ दिवस), तेव्हा एसी बंद होता. बाबा म्हणतात सगळं एसीच खातो. नुसती वजाबाकी करू की एक्सेलमध्ये तापमान टाकून नीट मॉडेल बसवू? वर्षभराची बिलं आहेत.

पार्लेकाका: रुपये बघू नका, युनिट बघा, आणि तेही रोजचे काढा, कारण रीडिंग दर महिन्याला सारख्या दिवसांनी होत नाही. मे रोज १३, फेब्रुवारी ६. पण फेब्रुवारीत गीझर चालू असणार, तो त्या ६ मध्येच बसलाय, आणि मेमध्ये पंखे दिवसभर, फ्रिजपण जास्त ओढतो, मग वजाबाकी कशाची करताय? त्यापेक्षा ऑगस्टचं बिल काढा. गीझर नाही, पंखे फुल, एसी बहुतेक बंद.

मालाडकर: ऑगस्ट रोज साडेसहा आलं काका, एसी लावलाच नव्हता. म्हणजे मेमध्ये एसीचे साधारण १९५?

पार्लेकाका: हो, ढोबळ तेवढेच.

घामाघूम: मॉडेल करणारच असाल तर कूलिंग डिग्री डे घ्या, म्हणजे सांताक्रूझ वेधशाळेचं रोजचं सरासरी तापमान ठरावीक आकड्याच्या जितकं वर त्याची बिलाच्या तारखांप्रमाणे बेरीज. नेटवर सगळे १८ अंश पकडतात, मुंबईत त्याचा काय उपयोग, आपल्याकडे जानेवारीची सरासरीही त्याच्या वर असते 😅 २४, २५, २६ लावून बघा कुठे नीट बसतं ते. आणि दमटपणा विसरू नका, पावसाच्या आधीचा जून आणि ऑक्टोबर नुसत्या तापमानावर कमी दिसतात, पण एसीला हवेतलं पाणीही काढायचं असतं, त्यात वीज जाते. दवबिंदूचा (हवेत ओलावा किती ते सांगणारं तापमान) एक कॉलम घाला, त्याहून जास्त नको, बारा बिलांत किती गोष्टी कोंबणार. मेमध्ये आठवडाभर गावी गेला असाल तर ते बिल सरळ बाहेर काढा.

चाळकरी: एवढं कशाला? एसी लावताना मीटरचा फोटो, सकाळी बंद करताना परत फोटो. दुसऱ्या रात्री एसीशिवाय तसंच. दोन-तीनदा केलं की एका रात्रीचा आकडा हातात.

पार्लेकाका: हे बेस्ट, मॉडेलचा आकडा यावरच तपासून घ्या. आणि पैशांचा हिशेब सरासरी दराने लावू नका हां, त्या १९५ पैकी ९० युनिट ३०० च्या वरच्या स्लॅबमध्ये गेलेत, त्या महाग स्लॅबात घर एसीमुळेच पोचलं. तेवढ्यापुरतं बाबांचं बरोबर आहे.