स्पॅनिश: 'नादिए' कुठे आणि 'निंगुनो' कुठे?

प्रश्न:
स्पॅनिशच्या ए-टू (प्राथमिक) पातळीचा अभ्यास चालू आहे. 'त्यांच्यापैकी कोणी आलं नाही' याचं मी 'नादिए दे एयोस बीनो' केलं, तर चूक निघाली. 'निंगुनो' हवं म्हणे. 'नो तेंगो निंगुनोस लिब्रोस' (माझ्याकडे एकही पुस्तक नाही) हेही चुकलं. दोन्हींचा अर्थ 'कोणी नाही'च ना? मग बिघडलं कुठे?

उत्तर १:
मराठीतला 'कोणी' दोन्हीकडे खपतो, म्हणून घोळ होतो. वाक्य कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे ते बघा. 'किएन' (कोण) असेल तर नादिए, 'के' (काय) असेल तर नादा, 'क्वाल' किंवा 'क्वान्तोस' (कोणता, किती) असेल तर निंगुनो. 'एयोस' म्हणजे ठरलेली, मोजता येणारी माणसं. त्यांतला एकही नाही, म्हणून 'निंगुनो दे एयोस बीनो'. सगळ्या बायका असतील तर 'निंगुना दे एयास'. क्रियापद एकवचनीच.

पुस्तकांचं म्हणाल तर निंगुनोच्या पोटात 'उनो', म्हणजे एक, बसलेला आहे. आपणही 'एकही पुस्तक' म्हणतो, 'एकही पुस्तकं' नाही. पुल्लिंगी नामाआधी शेवटचा 'ओ' गळतो: 'नो तेंगो निंगुन लिब्रो'. लिहिताना या 'निंगुन'च्या 'उ'वर आघातचिन्ह हवं, 'निंगुनो'वर नको. स्त्रीलिंगात सहसा काही गळत नाही, 'निंगुना कासा'.

उत्तर २:
'नादिए दे' दिसलं की चूकच, असं मात्र धरू नका. 'नादिए दे मी फामीलिया' अगदी बरोबर आहे, कारण कुटुंब हा एकवचनी समूह. 'दे'नंतर नोसोत्रोस (आपण), एयोस (ते), लोस आलुम्नोस (विद्यार्थी) असं अनेकवचन आलं की निंगुनो.

अनेकवचनी 'निंगुनास' अगदीच नसतं असंही नाही. जे शब्द मुळात अनेकवचनी वापरतात त्यांच्याबरोबर येतं: 'नो तेंगो निंगुनास गानास', मला अजिबात इच्छा नाही.

गंमत म्हणजे 'नादा' लॅटिनच्या 'रेस नाता'वरून, म्हणजे 'जन्मलेली वस्तू'वरून आला. मुळात त्यात नकारच नव्हता! निंगुनो मात्र 'नेक ऊनुस'चा, नकार जन्मापासूनच.

उत्तर ३:
मराठी माणसाची खरी चूक वेगळीच असते: 'कोणी आलं नाही'च्या चालीवर 'नादिए नो बीनो'. नकारी शब्द क्रियापदाच्या आधी आला की 'नो' लागत नाही: 'नादिए बीनो'. मागे गेला की 'नो' हवाच: 'नो बीनो नादिए'. 'सिन' (शिवाय) असेल तर त्यातच नकार आला: 'सिन देसिर नादा', काही न बोलता.

दुसरं, नादिए कर्म असेल तर आधी 'आ' येतो: 'नो कोनोस्को आ नादिए', मी कोणाला ओळखत नाही. निंगुनोला तो माणसांपुरताच. भाऊ दिसले नाहीत तर 'नो बी आ निंगुनो', सिनेमे पाहिले नाहीत तर 'आ' नाही.

प्रश्नकर्ता:
मग 'दुकानात कोणीच नव्हतं' म्हणजे 'नो आबीआ निंगुनो एन ला तिएंदा'?

उत्तर १:
नाही, 'नो आबीआ नादिए'. तुमचं वाक्य ऐकून समोरचा विचारेल, कशातला एकही नव्हता? नोकरांबद्दल बोलणं आधीच चालू असेल, तर मात्र तेच चालेल.