झोपताना १३०, उठल्यावर २४०. रात्रीत नक्की होतं काय?

सांगलीची आई:
मुलगा १३ वर्षांचा, टाईप वन डायबेटिस, दोन वर्षं झाली. रात्री १० ला ग्लार्जिन (दिवसभर पुरणारं इन्सुलिन) १४ युनिट. झोपताना शुगर १३० च्या आसपास, नंतर काही खात नाही, तरी सकाळी साडेसहाला शाळेआधी बघावं तर २३०-२४०. सासूबाई म्हणतात रात्री उठून डबे उघडत असणार, तो बिचारा अगदी रडकुंडीला येतो. दोन युनिट वाढवू का? डॉक्टरांची अपॉइंटमेंट गुरुवारी आहे.

जुना टाईपवन:
ताई, पोराला चोर ठरवू नका हो आधी 😀 साधारण ३ ते ८ मधे शरीर उठायच्या तयारीला लागतं, कॉर्टिसॉल, ग्रोथ हार्मोन वाढतं आणि लिव्हर साखर सोडायला लागतं. बाकीच्यांचं स्वादुपिंड तेवढं इन्सुलिन लगेच काढतं, आपल्याकडे तो कारखानाच बंद. त्यात तेरावं वर्ष म्हणजे ग्रोथ हार्मोन नुसतं धो धो. पण डोसला हात लावायच्या आधी दोन-तीन रात्री ३ वाजता चेक करा. तेव्हा १३० असेल आणि नंतर चढत असेल तर हेच. ६० निघाली तर वाढवलेले दोन युनिट महागात पडतील, तेव्हा साखर द्या आणि डॉक्टरांना सकाळीच फोन करा, गुरुवारची वाट बघू नका.

पंपवाली:
३ ला आधीच १९०-२०० असेल तर जेवण बघा. पनीर, पुरी, चीज असलं काही असलं की साखर उशिरा चढते, मी तर फसलेय कित्येकदा. इन्सुलिन पंपवर पहाटेचं बेसल (सतत थोडं थोडं जाणारं इन्सुलिन) वेगळं लावता येतं, सुईत ती सोय नाही, म्हणून वेळ बदलायची का, इन्सुलिन बदलायचं का ते डॉक्टरांनाच विचारा. आणि हातावर शुगर मोजणारा सेन्सर लावला असेल तर त्या हातावर झोपल्यावर कधी कधी शुगर खोटीच कमी दाखवतो, बोटाला टोचून खात्री करा.

सांगलीची आई:
सेन्सर नाही, स्ट्रिपवरच चाललंय. दोन रात्री गजर लावला. परवा ३ ला १८८, पण त्या दिवशी बारशाचं जेवण होतं, पुरी-बासुंदी. काल साधी भाकरी-भाजी, ३ ला १२६ आणि साडेसहाला २३१. सासूबाई पण उठून बसल्या होत्या बघायला. डोस तेवढाच ठेवलाय, आकडे वहीत लिहून नेते. आणि हा काय उठत नाही, झोपेतच बोट पुढे करतो.