घरं रिकामी करण्याआधी: अल्बम, निगेटिव्ह आणि रोजच्या घराचे फोटो

सचिव, बी-१०१: नमस्कार. पुनर्विकासासाठी घरं रिकामी करायची नोटीस सगळ्यांना मिळाली आहे. माळे उपसायला लागल्यापासून बऱ्याच घरांतून एकच विचारणा होतेय, जुन्या अल्बमचं आणि सुट्या फोटोंचं काय करायचं? ज्यांना माहिती आहे त्यांनी इथे सोसायटीच्या ग्रुपवरच लिहावं. आज दुसरा विषय नको.

ए-३०२: पहिली गोष्ट, अल्बम पॅकर्सच्या खोक्यात घालू नका. भाड्याच्या घरात ती खोकी नवीन घराचा ताबा मिळेपर्यंत उघडलीच जात नाहीत आणि मधे दोन-तीन पावसाळे जातात. फोटोच्या वरचा थर जिलेटिनचा असतो. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की त्यावर बुरशी धरते. अल्बम हातातल्या सामानातून न्या आणि नव्या जागी बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, ओल तिथूनच येते.

सी-२०४: काका, चिकट पानांचा अल्बम आहे. खाली गोंदाचे पट्टे, वर पारदर्शक कागद. फोटो ओढला की फाटायला लागतो.

ए-३०२: ओढू नका वहिनी. आधी आहे तसं अख्खं पान स्कॅन करा, म्हणजे पुढे काही बिघडलं तरी प्रत हातात राहील. मग मेण नसलेला डेंटल फ्लॉस हातभर घ्या, दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळा, फोटोच्या कोपऱ्याखाली सरकवा आणि करवतीसारखा मागेपुढे करत सावकाश पुढे न्या. वाकवायचं झालं तर पान वाकवा, फोटो नाही. हेअर ड्रायर लावू नका. गोंद पातळ होऊन कागदात मुरतो आणि जिलेटिन मऊ पडतं. इतकं करूनही नाही सुटला तर पानाचा तेवढा तुकडा कापून फोटोसकट ठेवा.

बी-४०३: आणि फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर? आजेसासऱ्यांचा एकच फोटो आहे, त्यावर डाग पडत चाललेत.

ए-३०१: ताई, तो काचेवरून सोडवू नका. दमट हवेने जिलेटिन फुगून काचेला धरलेलं असतं. ओढलं तर चेहरा काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो. मागचा पुठ्ठा काढा आणि काचेसकट स्कॅन करा.

खरं तर घरातला एकुलता एक फोटो फ्रेममध्ये ठेवूच नये. ओला हार, गंध-कुंकू, समईची काजळी, सगळं त्याच्यावरच येतं. भिंतीवर प्रत लावा, मूळ फोटो पाकिटात ठेवा. नवी फ्रेम करताना फोटो आणि काच यांच्यामध्ये दोन मिलिमीटर तरी फट राहील असा माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंतीकडून हवा खेळते.

बी-२०२: आमच्याकडे काही फोटोंवर पांढरी जाळी दिसतेय. ओल्या फडक्याने पुसून घेऊ का?

ए-३०१: मुळीच नको. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं, पुसलं की चित्रच निघून येईल. ते फोटो बाकीच्यांपासून आजच वेगळे करा. सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यात दोन-तीन दिवस पूर्ण सुकू द्या. बुरशी कोरडी होऊन पिठासारखी झाली की तोंडाला मास्क बांधून गॅलरीत मऊ ब्रशने एकाच दिशेने झटका. राहिलेल्या डागाच्या मागे लागू नका.

ए-१०२: त्यांच्यात कडुलिंबाचा पाला किंवा डांबरगोळ्या ठेवल्या तर?

ए-३०१: दोन्ही नको. पाल्याचे डाग पडतात, डांबरगोळीची वाफ प्लॅस्टिकला त्रास देते. झाकण घट्ट बसणारा डबा आणि सिलिका जेल पुरे. वीस-पंचवीस लिटरच्या डब्याला साधारण २०० ग्रॅम, कापडी पुरचुंडीत. नारंगी दाणे ओलावा शोषून हिरवे होतात, निळे गुलाबी होतात. रंग बदलला की ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवून परत वापरता येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये घालू नका.

फोटो ठेवायची पारदर्शक पाकिटं पॉलिप्रॉपिलीनची किंवा पॉलिएस्टरची घ्या. ज्या प्लॅस्टिकला रेक्झिनसारखा वास येतो ते पीव्हीसी, ते काही वर्षांनी फोटोला चिकटतं.

सी-३०१: स्कॅनिंग दुकानात देण्यापेक्षा घरी केलं तर किती डीपीआय?

सी-१०३: डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके. साध्या चार बाय सहा इंचांच्या फोटोला ६००. म्हणजे २४०० बाय ३६०० पिक्सेल, पुढे दुप्पट मोठी छापील प्रत काढली तरी चांगली येते. पासपोर्टएवढा लहान असेल तर १२००. त्यावर गेलात तर फक्त फाइल फुगते, कागदावर तेवढा तपशीलच नसतो.

निगेटिव्ह असतील तर आधी तेच स्कॅन करा, छापील फोटोपेक्षा त्यात जास्त उरलेलं असतं. सत्तर-ऐंशीच्या दशकातले बरेच रंगीत फोटो बंद अल्बममध्येही लालसर होत गेलेत, कारण त्यातला निळसर रंग आधी उडतो. पस्तीस मिलिमीटरच्या नेहमीच्या निगेटिव्हला २४०० ते ३२०० डीपीआय. आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याचे चौकोनी मोठे निगेटिव्ह असतील तर १६०० ते २४०० पुरतं. हॉट शॉट कॅमेऱ्याचं निगेटिव्ह नखाएवढं, तिथे ३२०० च्या खाली येऊ नका. ऑफिसातल्या साध्या स्कॅनरवर हे होत नाही, झाकणातूनही उजेड देणारा स्कॅनर लागतो. आणि डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर ते निगेटिव्ह बाकीच्यांपासून लगेच दूर ठेवा आणि सगळ्यांच्या आधी स्कॅन करा. ती फिल्म कुजायला लागलेली असते.

बी-४०३: स्कॅनर नाहीये. मोबाइलने जमेल?

सी-१०३: जमेल, पण नीट करा. खिडकीजवळ टेबल, उजेड एका बाजूने, ट्यूब बंद, फ्लॅश बंद. काळ्या कापडाला मोबाइलच्या कॅमेऱ्याएवढं भोक पाडा आणि ते मोबाइल व फोटोच्या मधे धरा, म्हणजे चकचकीत फोटोत तुमचं प्रतिबिंब पडत नाही. कडा तिरक्या दिसल्या तर मोबाइल फोटोला समांतर नाही, जागा बदला. पुढे ॲपमध्ये सरळ करता येतं, पण त्यात तपशील जातो.

चेहरे चकाचक करून देणारी एआय ॲप वापरायची तर वेगळ्या प्रतीवर वापरा. ती डोळे, दात, कपाळ आपल्या अंदाजाने नव्याने रचतात. त्यातली आजी आपली आजी नसते.

ए-३०२: याच्याइतकंच महत्त्वाचं, फोटोतली माणसं कोण हे आधी लिहून घ्या. बुरशी चार वर्षांत खाईल, पण नावं सांगणारं माणूस उद्याही नसू शकतं. प्रतीवर प्रत्येक चेहऱ्याला १, २, ३ असे आकडे टाका, घरच्या ग्रुपवर पाठवा आणि उत्तरं एका वहीत उतरवा. बायकांची माहेरची आणि सासरची दोन्ही नावं लिहा. १९६५ च्या फोटोतली कुसुम पुढच्या फोटोत वृंदा असते, आणि नातवंडांना त्या दोघी वाटतात. थोरल्यांना पानं उलटून दाखवताना मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा, ते एका फोटोवरून तिसऱ्याच लग्नाचं सांगतात आणि तेच कामाचं निघतं.

फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, पुढे वण उठतो. साध्या कागदाच्या जुन्या फोटोवर २बी पेन्सिलने हलक्या हाताने, कडेला लिहा. नंतरच्या गुळगुळीत पाठीवर पेन्सिल धरत नाही, तिथे पाकिटावर लिहा.

सी-३०१: आणि तारीख? स्कॅन केल्यावर सगळेच आजचे दिसतात.

सी-१०३: फाइलच्या नावातच घाला: १९७८-०५_नाशिक_मुंज_०३. आधी वर्ष, मग महिना, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. महिना माहीत नसेल तर ००. गूगल फोटोजमध्ये बदललेली तारीख टेकआउटने (आपला सगळा डेटा उतरवून घ्यायची गूगलची सोय) फाइल उतरवताना वेगळ्या फाइलमध्ये येते, मूळ फोटोत राहत नाही. व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलच्या नावातली तारीख तर फोटो आल्याची असते, काढल्याची नव्हे.

जपताना तीन प्रती: एक संगणकावर, एक हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर. पेनड्राइव्ह आणि सीडी भरवशाच्या नाहीत. गूगल फोटोजवरची विनामूल्य अमर्याद जागा १ जून २०२१ ला बंद झाली, आता जीमेल धरून १५ जीबी. सर्वांत जास्त नुकसान यातून होतं: मोबाइल भरला म्हणून फोटोजमध्ये ‘डिलीट’ केलं तर क्लाउडवरचाही जातो. मोबाइलची जागा मोकळी करायचा पर्याय त्यात वेगळा आहे, तो वापरा. चुकून उडाला तर बॅकअप झालेला फोटो साठ दिवस ट्रॅशमध्ये मिळतो.

ए-१०२: घर सोडण्याआधी घराचेही काढायला हवेत ना?

ए-३०२: हो वहिनी, आणि ते अल्बममधल्यांसारखे बारशाचे-साखरपुड्याचे नकोत. प्रत्येक खोलीच्या चारही कोपऱ्यांतून एकेक. ओटा स्वयंपाक चालू असताना, आवरण्याआधी: कुकर, मिसळणाचा डबा, सिंकमधली भांडी, सगळं असू द्या. दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा असतील तर जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. जिन्यातल्या पत्रपेट्या, पाण्याच्या वेळांचा फलक, गच्चीवरच्या वाळवणाच्या खाटा. माणसांना कॅमेऱ्याकडे बघायला लावू नका, वाटाणे सोलत असतील तर सोलू द्या. खोलीसाठी झूम १ ठेवा, ०.५ वर कडेची माणसं ताणली जातात. सकाळी नऊच्या सुमाराला पूर्वेकडच्या खोल्या, चारनंतर पश्चिमेकडच्या.

सचिव, बी-१०१: सोसायटीच्या सामाईक जागांचे फोटो ज्यांनी काढले त्यांनी इथे पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावेत, नाहीतर ते लहान होऊन येतात. फाइलच्या नावात विंग आणि मजला घाला. काळं कापड कापून हवं असेल त्यांनी ए-३०१ ला कळवा, त्या करून देताहेत.