मदत हवी आहे: नेरुळ-सीवूड्समध्ये विश्वासू एजंट

नमस्कार मंडळी. आईबाबांसाठी नवी मुंबईत नेरुळ किंवा सीवूड्समध्ये रिसेलचा वन बीएचके बघतोय. बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे लिफ्ट हवीच.

गेल्या महिन्यात एका एजंटने टोकनसाठी (बयाण्यासाठी) नुसती घाई लावली होती, 'दुसरी पार्टी चेक घेऊन बसलीये' म्हणत. इमारतीला ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, नाही हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. ते कळलं खालच्या वॉचमनकडून. पैसे वाचले, पण आई फार हिरमुसली. तिने देवघराची जागासुद्धा मनात ठरवली होती.

याउलट ठाण्यात भाड्याचं घर दाखवणारे एक काका आठवतात. भर पावसात आले, स्वयंपाकघरातला नळ सोडून पाण्याचा जोर दाखवला, मग बेडरूमच्या भिंतीला तळहात लावून म्हणाले, 'इथे ओल येते, घेऊ नका.' त्यांची दलाली बुडाली. असा माणूस हवाय.

महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाची, नोंदणी बघणारच आहे. २०२३ मध्ये महारेराने एजंटांसाठी परीक्षा सुरू केली, त्याचं प्रमाणपत्रही मागेन. पण प्रामाणिकपणा कागदावर दिसत नाही ना! नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी सिडकोच्या लीजवरच्या (भाडेपट्ट्याच्या) जमिनीवरचं घर म्हणजे हस्तांतरणाची परवानगी आणि शुल्क आलंच. ते कोणी भरायचं हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगणारा कोणी माहीत आहे का? दलाली किती टक्के दिलीत, आणि सोसायटीत नाव लागेपर्यंत तो सोबत राहिला का, हेही कळवा. नंबर कृपया इनबॉक्समध्ये.