मदत हवी आहे: यूकेतल्या क्लायंटचं पेन्शन री-डिक्लरेशन, 'सबमिट'चं बटण मी दाबू का?

वेंब्लीकर_शुभा (१४ जून २०२५)

नमस्कार मंडळी. मी घरून बुककीपिंग करते, सगळे छोटे क्लायंट. त्यातलं हाउन्स्लोतलं एक टिफिनचं किचन, आपलीच माणसं. त्यांचं पेरोल गेल्या महिन्यात माझ्याकडे आलं, कारण आधीचे गृहस्थ भारतात परतले. नवराबायको डायरेक्टर आणि हाताखाली पाच जण. पहिला माणूस कामावर लागला ४ एप्रिल २०२२ ला.

परवा पावत्या आणायला गेले तर हळदीच्या डब्यामागे एक पाकीट दिसलं. न उघडलेलं, एका कोपऱ्यावर पिवळं बोट उमटलेलं. पाठवणारे ब्रायटनचे, म्हणजे पेन्शन्स रेग्युलेटर. तीन वर्षं झाली, पेन्शनबाहेरच्या माणसांना पुन्हा आत घ्या आणि ३ सप्टेंबरपर्यंत री-डिक्लरेशन (हे काम केल्याचं कळवणारा फॉर्म) भरा, असं पत्र.

मालक म्हणाले, "ताई, वीस माणसं कुठायत आपल्याकडे?" त्यांच्या डोक्यात अजून नाशिकचा पीएफ आहे. वर, "सगळे बाहेरच आहेत, 'पेन्शन नको' म्हणून सह्या आहेत माझ्याकडे. तुम्ही शून्य शून्य भरून टाका."

माणसं अशी. मोठा स्वयंपाकी, वय ४१, महिना २,१५० पौंड, २०२२ मध्येच ऑप्ट-आउट केलेला, म्हणजे पेन्शनमधून बाहेर पडलेला. डिलिव्हरीवाला, २९, साधारण १,४००, तो नोव्हेंबर २०२४ मध्ये बाहेर पडला. या दोघांचे ऑप्ट-आउट नेस्टच्या (आपली पेन्शन स्कीम) खात्यात नीट दिसतात. एक विद्यार्थी, २४, पार्टटाइम, महिना ७८०. मात्र गेल्या ऑक्टोबरात फराळाच्या ऑर्डरींमुळे तास वाढले आणि पगार ९०५ झाला. पोळ्या करणाऱ्या काकू, वय ६७, ८५० पौंड. आणि १२ मे ला लागलेली नवी कुक, ३५, पगार १,९००. तिच्याकडून पहिल्याच दिवशी वहीच्या कागदावर "मला पेन्शन नको" असं लिहून घेतलंय.

माझा प्रश्न: यात शून्य भरण्यासारखं काही आहे का? आणि भरलं तर सही कुणाची धरतात, त्यांची की माझी?

लीड्सचा_कोल्हापुरी

कुणीच स्कीममध्ये नसेल तर री-डिक्लरेशन लागत नाही बहुतेक. माझ्या मेव्हण्याने दुकानाचं काही भरलं नव्हतं.

पगारपत्रक

कोल्हापुरी, असं सांगू नका हो, कुणीतरी खरं मानेल. परत आत घ्यायला एकही माणूस नसला तरी री-डिक्लरेशन भरावंच लागतं. मेव्हण्यांना म्हणावं पोस्ट तपासा.

शुभाताई, मी लेस्टरमध्ये पेरोल ब्युरोत आहे, दिवसभर हेच करतो. आधी वीस माणसांचं. ती अट आपल्याकडच्या पीएफची, इथे एक माणूस असला तरी कायदा लागू. २०१२ मध्ये मोठ्या कंपन्यांपासून सुरुवात झाली, आणि ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मालकाला पहिला माणूस लागतो त्या दिवसापासूनच. घरी मुलं सांभाळायला पगारावर बाई ठेवणाऱ्यालासुद्धा.

आता तारखा. पहिला माणूस लागल्याचा तिसरा वाढदिवस ४ एप्रिल २०२५. री-एनरोलमेंटची, म्हणजे पुन्हा आत घ्यायची, तारीख त्याच्या तीन महिने आधीपासून तीन महिने नंतरपर्यंत कुठलीही निवडता येते, म्हणजे तुम्हाला ३ जुलैपर्यंत. १ जुलै घ्या, पेरोलला सोपं जातं. ३ सप्टेंबर ही फक्त फॉर्मची तारीख. लोक तीच डोक्यात ठेवतात आणि ऑगस्टमध्ये धावपळ करतात, तोवर खरं काम करायची मुदत गेलेली असते.

तुमची घाई तर त्याहून जवळची आहे. नव्या कुकचा तो वहीचा कागद बाद. ऑप्ट-आउट आधी करताच येत नाही. माणूस स्कीममध्ये गेला, त्याला पत्र मिळालं, की मग महिनाभरात त्याने स्वतः नेस्टला कळवायचं. मालकाने पहिल्या दिवशी कागद पुढे सरकवणं हा तर वेगळाच नियमभंग, भरतीच्या वेळी असा दबाव आणायला बंदी आहे. तिला सहा आठवड्यांच्या आत एनरोल करून पत्र द्यायचं, म्हणजे २२ जूनच्या आत. तीन महिन्यांपर्यंत पुढे ढकलता येतं, पण त्याचंही पत्र याच मुदतीत जायला हवं. आणि री-एनरोलमेंटला ही पुढे ढकलायची सोय मुळीच नाही.

मोठा स्वयंपाकी १ जुलैला आत, चर्चा नाही. २२ ते स्टेट पेन्शनच्या वयापर्यंत (२०२५ मध्ये ६६), वर्षाला १०,००० पौंडांहून जास्त कमाई, आणि बाहेर पडून वर्षाहून जास्त काळ झालेला. डिलिव्हरीवाल्याला वर्ष झालेलं नाही, त्याला घ्यायचं की नाही ते मालकाने ठरवायचं.

वेंब्लीकर_शुभा

बाप रे, २२ जून! आजच फोन करते. स्वयंपाक्याशी मात्र काल बोलले. म्हणतो, "म्हातारपणी मी सिन्नरला जाणार, इथलं पेन्शन काय करू?" काय सांगू त्याला?

आणि विद्यार्थ्याचा पगार वर्षाचा धरला तर दहा हजारांच्या खालीच आहे ना? त्याला सोडून दिलं तर चालेल?

पगारपत्रक

नाही चालणार. घोडं इथेच पेंड खातं. उंबरठा वर्षाचा म्हणून सांगतात पण तपासतात प्रत्येक पगाराला. महिन्याचा उंबरठा ८३३ पौंड. ऑक्टोबरात ९०५ झाले, तेव्हा पुढे ढकलल्याचं पत्र नसेल तर तो त्याच महिन्यात आत जायला हवा होता. आणि एकदा आत गेला की नंतर पगार उतरला म्हणून बाहेर पडत नाही. आधीच्या गृहस्थांनी सॉफ्टवेअरची सूचना बघितली नसणार. चकल्यांच्या गडबडीत कोण बघतो म्हणा.

मागच्या तारखेपासून भरा. हिशोब छोटा आहे: ५२० पौंडांच्या वरच्या रकमेवर किमान ८ टक्के, त्यात मालकाचे किमान ३. ऑक्टोबरचे ३८५ वर मालकाचे ११ पौंड ५५ पेन्स. नोव्हेंबर ते मे सात महिने ७८० धरले तर दरमहा २६० वर ७.८०, म्हणजे ५४.६०. मालकाचे एकूण ६६ पौंड १५ पेन्स. पोराचा वाटा, करसवलत धरून, ११०.२५. चूक मालकाची असल्याने तोही त्यांच्याच गळ्यात पडू शकतो. माझे क्लायंट अशा वेळी दोन्ही भरून मोकळे होतात.

हे आकडे मालकांसमोर ठेवा आणि शेजारी हे: नोटिशीनंतरही ऐकलं नाही तर ४०० पौंड ठोक दंड, आणि तरीही नाही तर ५ ते ४९ माणसांच्या मालकाला दिवसाला ५०० पौंड. दिवसाला!

सातासमुद्रापलीकडची_सई

स्वयंपाक्याबद्दल: पैसे त्याच्या नावावरच राहतात, सिन्नरला गेला म्हणून बुडत नाहीत. सध्या ५५ व्या वर्षापासून काढता येतात, एप्रिल २०२८ पासून ५७. एवढं सांगा आणि थांबा. "राहा" किंवा "बाहेर पड" असं म्हणू नका, तो आर्थिक सल्ला झाला आणि त्याला इथे परवाना लागू शकतो. मालकांनाही बजावा, "बाहेर पड, तेवढे रोख देतो" हे बोलायचंसुद्धा नाही. आपल्या लोकांत हे प्रेमाने बोललं जातं, म्हणून जास्त भीती.

काकूंना विसरू नका. वयामुळे त्या आपोआप आत जात नाहीत, पण ७५ होईपर्यंत मागून आत येता येतं, आणि त्यांच्या पगारावर मालकालाही वाटा घालावा लागतो. हे त्यांना पत्राने कळवलेलं असायला हवं.

वेंब्लीकर_शुभा

आणि डायरेक्टर? दोघेही पेरोलवर आहेत.

पगारपत्रक

नोकरीचा करार नसेल (लेखी, तोंडी कसलाच) तर ते या हिशोबात कामगार नाहीत, मोजू नका. तुमच्या मूळ प्रश्नाचं: जबाबदारी कायद्याने मालकाची, फॉर्म एजंटने भरला तरी. पण जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे आणि तो भरणाऱ्यालाही चिकटतो. डिक्लरेशनमध्ये आपण पेन्शन सुरू करत नसतो, "केलं" असं सांगत असतो. न केलेलं "केलं" म्हणून क्लिक करू नका. मी आकड्यांचं पान मालकाला ईमेल करतो, "बरोबर आहे, भरा" असं उत्तर आल्याशिवाय हात लावत नाही. व्हॉट्सॲपवरचा अंगठा मी धरत नाही.

पत्रावरचा दहा आकडी लेटर कोड, पीएवायई (पगारातून कर कापायची व्यवस्था) रेफरन्स आणि नेस्टचा एम्प्लॉयर रेफरन्स हाताशी ठेवा. आणि रेग्युलेटरकडे तुमचं नाव संपर्क म्हणून घाला, म्हणजे पुढचं पत्र तुम्हालाही येईल. हळदीला पोचण्याआधी.

वेंब्लीकर_शुभा (८ ऑगस्ट २०२५)

उशिरा लिहितेय, पण सांगायचं राहून जायला नको. कुकला १९ जूनला आत घेतलं, पत्र दिलं, वहीचा कागद मालकांनी माझ्यासमोर फाडला. (फाडू नका म्हणेपर्यंत फाडला होता.) विद्यार्थ्याचे दोन्ही वाटे मालकांनी भरले, कुरकुर केली पण ५०० चा आकडा ऐकून गप्प बसले. स्वयंपाकी १ जुलैला आत गेला आणि महिना उलटला तरी बाहेर पडलेला नाही. मी विचारलं नाही, सईताई.

काल री-डिक्लरेशन भरलं. एकूण पाच, पुन्हा आत घेतलेला एक, आधीपासून आत असलेले दोन, उरलेले दोन. बेरीज जुळेपर्यंत तीनदा मोजलं. मालकांचं "भरा" असं एका शब्दाचं ईमेल जपून ठेवलंय.

एक गंमत. काकूंनी पत्र वाचून घ्यायला मला फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मालक पण घालणार ना? मग घाल माझं नाव." ८५० मधले ३३० धरले, मालकांचे महिना ९ पौंड ९० पेन्स. मालकांना अजून सांगायचंय. सोमवारी जातेय.